पाच घरांचं विरजण

"मले नाही समजलं," हे शेख मॅडमचं आवडतं वाक्य. तुम्ही-आम्ही हे वाक्य मान खाली घालून म्हणतो, आणि जमलं तर म्हणतच नाही. मॅडम ते तोंड भरून म्हणायच्या. प्राचार्यांच्या मीटिंगमध्ये नव्या धोरणाची लांबलचक पानं वाचून व्हायची, सगळे माना डोलवायचे, चहा यायचा, आणि मग कोपऱ्यातून आवाज यायचा, "सर, मले नाही समजलं." चहा थंड व्हायचा. मला तेव्हा त्यांचा फार राग यायचा. आता एवढंच म्हणते की त्यांना जे समजलेलं नसायचं ते आम्हालाही समजलेलं नसायचं, फक्त आम्हाला घरी जायची घाई असायची.

मॅडम यवतमाळच्या एका कॉलेजात गणित शिकवायच्या. मी त्याच कॉलेजात परीक्षा विभागात क्लार्क. शिवाय आम्ही शेजारणी. आमच्या गल्लीतल्या घरांची मागची दारं एका बोळात उघडतात आणि त्या बोळात त्यांचं दार माझ्या दाराला लागून. मॅडमनी लग्न केलं नव्हतं. घरात त्या आणि त्यांची आई. आईला अख्खी गल्ली अम्मी म्हणायची, आणि अम्मी मॅडमला रुक्की. मॅडमचे वडील पांढरकवड्याला हायवेच्या कडेला पंपाच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करायचे. वायरचे वेढे मोजायला पोरीला बसवलं, ती मोजतच राहिली, असं अम्मी सांगायच्या आणि स्वतःच हसायच्या.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा मला कामामुळे ठाऊक. कॉलेजच्या चाचणी परीक्षेत त्या अर्धा मार्क एका विचित्र गोष्टीला द्यायच्या. गणित सुटलं नाही तर पोरांनी जिथं गाडं थांबलं तिथं रेघ मारायची आणि लिहायचं, 'इथं अडलो.' का अडलो तेही एका ओळीत लिहायचं. मी मार्कांची यादी करायची आणि माझ्या यादीत साडेसात, साडेनऊ असे सगळे अर्धे पाय बाहेर आलेले. मी एकदा भांडायला गेले तर म्हणाल्या, "सुनंदाताई, ज्याले येते त्याले पुरे मार्क, ज्याले येत नाही त्याले शून्य. पण आपल्याले नेमकं कुठं येत नाही, हे ज्याले येते, त्याले काय द्यायचं?" मी म्हटलं, "त्याले रिपीटर म्हणतात." त्या इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. एका हुशार पोट्ट्यानं सगळ्या प्रश्नांच्या पहिल्याच ओळीवर 'इथं अडलो' लिहून दिलं. मॅडमनी त्याला बोलावलं, समोर बसवलं आणि पहिल्याच ओळीवर काहून अडला ते समजावून सांग म्हणाल्या. ते पोरगं दुपारचा डबा सोडून अडीच वाजेपर्यंत समजावत होतं. बाहेर आलं तेव्हा त्याला ते गणित यायला लागलं होतं आणि त्याचं त्यालाच वाईट वाटत होतं.

त्यांची स्कूटी हा वेगळाच विषय. डोक्यात काही चालू झालं की हात आपोआप ब्रेकवर जायचा. बसस्टँडच्या चौकात, भर गर्दीत, एक पाय जमिनीवर टेकवून त्या उभ्या राहायच्या आणि ओठ हलायचे. नवा ऑटोवाला हॉर्न वाजवायचा. जुना त्याला ओरडायचा, "अबे, मॅडम गणितात हायेत, बाजूनं काढ!" मी एकदा मागे बसले होते. पाच मिनिटं आम्ही अशा उभ्या. उतरून पळावं की त्यांना हलवावं हे मला कळेना. शेवटी त्यांनीच वळून विचारलं, "तुम्ही कशा काय इथं?" मघाशी मला त्यांनीच बसवून घेतलं होतं.

महिला दिनाला कॉलेजच्या बायकांनी त्यांना भाषणाला उभं केलं. विषय दिला होता 'पोटाचे आरोग्य.' कारण मॅडम पोटातल्या जंतूंवर काहीतरी करतात एवढं सगळ्यांना ऐकून माहीत होतं. बायकांना ॲसिडिटीवर उपाय हवा होता. मॅडमनी फळ्यावर एक मोठा चौकोन काढला, त्यात बारके आकडे भरले, आणि अर्धा तास त्या चौकोनाशीच बोलत राहिल्या. शेवटी ग्रंथालयातल्या बाईंनी धीर करून विचारलं, "मॅडम, मग रोज ताक प्यावं का नाही?" मॅडम बराच वेळ विचार करून म्हणाल्या, "मले खरंच माहीत नाही." टाळ्या वाजल्या, पण त्या भाषण संपल्याच्या होत्या.

मला ते जंतूंचं गणित बोळातल्या भिंतीवरून समजावलं गेलं. समजलं असा माझा दावा नाही. मी तूर निवडत होते. मॅडम भिंतीवर कोपरं टेकून म्हणाल्या, "सुनंदाताई, समजा तुमच्या पोटात हजार जणांची वस्ती हाये."

"अव माय, असं कायले समजू?"

"नका समजू. हायेच. त्यातला कोणी कोणाले पोसते, कोणी कोणाले मारते. कोणाचं कोणाशी काय हाये ते आपल्याले माहीत नाही. हजारांचं हजारांशी, कोण विचारत बसन? मंग असं धरा का ती नाती चिठ्ठ्या टाकून ठरली. आता सांगा, वस्ती टिकन का मोडन?"

"भांडकुदळ किती हायेत त्याच्यावर हाये ते," मी म्हटलं.

मी एम.एस्सी. पास झाल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बराबर! एवढं लोकायनं काढलं हाये." मग त्यांनी सांगितलं की हे गणित मुळात पोटाचं नव्हेच. काही धातूंच्या आत बारके चुंबक असतात, एकाला इकडे तोंड करायचं असतं आणि शेजारचा त्याला तिकडे ओढतो, त्यांचं काय होतं हे भौतिकशास्त्रवाल्यांनी फार पूर्वी मांडलं. अलीकडे कोणाच्या तरी ध्यानात आलं की तेच कागद जंतूंना लावता येतात. आता जगभर लोक त्यावर लिहीत आहेत, छापून यायच्या आधीच इंटरनेटवर टाकत आहेत, आणि मॅडम रोज सकाळी नमाज झालेल्या अम्मीच्या शेजारी बसून मोबाइलवर ते वाचत आहेत.

"पण धातूचं गणित पोटाले कसं लागू पडन?" मी विचारलं.

"तेच तर मले नाही समजलं," मॅडम म्हणाल्या आणि खुश होऊन आत गेल्या. माझी अर्धी तूर निवडायची राहिली होती.

त्यांचा स्वतःचा प्रश्न मात्र एकच होता, आणि तो मलाही कळण्यासारखा होता. दोन वस्त्यांची सुरुवात वेगवेगळी. पण जागा सारखी, खाणं सारखं, आणि बाहेरून कोणी नवं येत नाही. दिवस गेल्यावर दोन्ही एकसारख्या होतील, की सुरुवात वेगळी तर शेवटही वेगळाच राहील? कागदावर दोन्ही रस्ते निघत होते. कोणता धरावा हे ठरेना. रिटायर व्हायला तीन वर्षं उरली होती. त्यांच्या नावावर जे काही छापलेलं होतं ते कोणाच्या तरी मागे दुसरं-तिसरं नाव म्हणून. "मरायच्या आधी एक गोष्ट पुरी समजली पाहिजे, सुनंदाताई," त्या म्हणायच्या. "एकच. पण पुरी."

आणि एक दिवस त्या झाकणाच्या चार वाट्या घेऊन गल्लीत निघाल्या. कागद सांगत नाही तर दह्याला विचारायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. दह्यातही जंतूंची वस्तीच असते. पोटात हजार, इथं मूठभर, पण वस्ती ती वस्ती. चार ठिकाणांहून त्यांनी चार विरजणं आणली होती. बाभुळगावच्या एका विद्यार्थिनीच्या घरचं मला दिलं. एक राठोड वहिनींना, एक मंदा ठाकरेला. आणि पांढरकवड्याजवळच्या ट्रकवाल्यांच्या ढाब्यावरचं विरजण कुलकर्णी काकूंना दिलं. काकूंना ढाब्याचं सांगितलं नव्हतं, 'हायवेकडचं' एवढंच सांगितलं होतं. पाचवं घर मॅडमचं, तिथं अम्मीचं दही. नियम असे: दूध सगळ्यांनी एकाच गवळ्याचं घ्यायचं, रोज विरजायचं, रोज वहीत लिहायचं, आणि वर्षभर बाहेरचं विरजण लावायचं नाही. "एक थेंब नाही," मॅडम म्हणाल्या. आम्ही चौघींनी माना डोलावल्या. त्या दिवशी कोणालाही 'नाही समजलं' म्हणायचं सुचलं नाही.

नियम मी सात महिने पाळला, देवाशपथ. मग मे महिन्यात नणंद आली. माझं डोकं दुखत होतं म्हणून तिनं मला झोपवलं, स्वतः पदर खोचला आणि सगळ्या दह्याची कढी केली. सगळ्या. भांडं घासून पालथंसुद्धा घातलं. मी उठले तेव्हा आमचे हे कढी भुरकत होते आणि म्हणत होते, "ताईच्या हातची चवच न्यारी." मी मोरीत जाऊन रडले. दिवेलागण झाली होती आणि त्या वेळेला आमच्यात कोणी विरजण मागत नाही आणि देतही नाही. यांना सांगितलं तर म्हणाले, "कायले एवढं? दुकानातून दह्याचं पाकीट आणतो." पाकिटातलं दही मॅडमच्या वहीत! माझ्याच्यानं ते झालं नसतं. दुसऱ्या दिवशी मॅडम कॉलेजला गेल्या आणि मी मागच्या दारानं अम्मीकडे गेले.

अम्मी वाकून चालायच्या, पण हात झरझर चालायचा. मी पुरतं सांगायच्या आत वाटी माझ्या हातात होती. "ले जा बेटी. कढी तर कढी. त्यात काय मेलं?"

"पण मॅडमचा प्रयोग, अम्मी..."

"रुक्कीले नको सांगू. ती वही घेऊन बसन." मग वाटीवर झाकण दाबत म्हणाल्या, "मी आदिलाबादहून आणलंतं हे, लग्न करून आली तेव्हा. मरू नाही देलं आजपर्यंत. तुह्या घरीबी नाही मरणार."

मी घरी आले, विरजलं, आणि त्या तारखेच्या रकान्यात लिहिलं, 'नेहमीप्रमाणे.' माझ्या नोकरीत मी खोटा आकडा कधी लिहिला नव्हता. तो शब्द लिहिताना पेन अडखळलं. पण पाच घरांपैकी एकाचं बिघडलं, चार तर खरी आहेत, असं मनाला समजावलं आणि मन समजलं. मन अशा वेळी लवकर समजतं.

वर्ष संपलं. मॅडमनी पाच बाटल्या बर्फात घालून ट्रॅव्हल्सनं पुण्याला पाठवल्या. तिथं त्यांचा जुना विद्यार्थी प्रशांत एका प्रयोगशाळेत आहे. त्याचा फोन आला तेव्हा मी परीक्षा विभागात होते. मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. चष्मा हातात. "पाचही एकसारखे निघाले. प्रशांत म्हणते, फारच सारखे हायेत. इतकं सारखं होईन असं मलेबी वाटलं नव्हतं." आणि मग त्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर म्हणाल्या, "समजलं, सुनंदाताई. समजलं मले."

मी पेढे आणायला म्हणून खाली गेले आणि जिन्यात बसून राहिले. माझं दही अम्मीचं, म्हणून अम्मीसारखं निघालं, इथपर्यंत ठीक. पण बाकीच्या तिघींचंही तेच निघालं होतं! म्हणजे गणित खरंच असावं. म्हणजे माझ्या चोरीनं काही बिघडलं नव्हतं. मग मला कशाची धडकी भरली होती? मी पेढे आणले आणि सगळ्यांना वाटले.

पुढचे सात-आठ महिने मॅडम लिहीत होत्या. दोन रस्त्यांपैकी 'एकच शेवट' हा रस्ता त्यांनी धरला आणि त्यावर पानं चढत गेली. बसस्टँडच्या चौकात स्कूटी थांबेनाशी झाली. मीटिंगमध्येही त्या गप्प असायच्या आणि प्राचार्य त्यांच्याकडे काळजीनं पाहायचे. निबंध परदेशात गेला, शंका आल्या, उत्तरं गेली, आणि शेवटी स्वीकारल्याचं पत्र आलं. नाव एकट्या मॅडमचं. पत्र आलं त्याच आठवड्यात अम्मी गेल्या. दुपारी भाजी चिरता चिरता भिंतीला टेकल्या, त्या उठल्याच नाहीत.

त्या दिवसांत मॅडमच्या घरी चूल पेटली नाही. डबे गल्लीतून जात होते. मॅडम येणाऱ्या-जाणाऱ्यांशी नीट बोलत होत्या, रडल्या नव्हत्या. दहाएक दिवसांनी त्या भिंतीशी आल्या. हातात रिकामं भांडं होतं. "अम्मीचं दही गेलं," म्हणाल्या. "मी पाह्यलंच नाही त्याच्याकडे. हिरवं झालंतं, फेकून देलं." त्या भांड्याकडे पाहत म्हणाल्या, "तुमच्याकडचं द्या थोडंसं. माह्या गणितानं तुमचं न् अम्मीचं एकच झालं हाये. मीच लिहून पाठवलं ना तसं? मंग मले काहून वाटून राह्यलं का ते अम्मीचं नाही?"

मी आत गेले. माझ्या फ्रीजमध्ये अम्मीचंच दही होतं. ते हातात धरून मी उभी. द्यायचं तर काय म्हणून द्यायचं? खरं सांगितलं तर त्यांची अम्मी त्यांना परत मिळते आणि त्यांचं एकुलतं एक समजलेलं हातचं जातं. नाही सांगितलं तर निबंध छापून येतो, आणि ही बाई आईचं दही दुसऱ्याचं म्हणून खाते. मी बाहेर येऊन म्हटलं, "आज लावलंच नाही, मॅडम. उद्या देते." आणखी एक खोटं. छापायच्या आधी शेवटचं वाचून निबंध परत पाठवायचा होता, त्याला चार दिवस उरले होते. हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

मी कुलकर्णी काकूंकडे गेले. गल्लीत शहाणपण विचारायचं तर तिथंच. सगळं सांगितलं, म्हटलं, "काकू, मी माती खाल्ली." काकूंनी उठून पुढचं दार लावलं. घरात दुसरं कोणी नव्हतं तरी आवाज खाली आणला.

"माझंही नासलं होतं गं," त्या म्हणाल्या. "पुतण्याच्या मुंजीला नागपूरला गेलो, चार दिवस लागले."

"मंग?"

"मग काय. गेले मागच्या दारानं."

या काकूंनी शेजार झाल्यापासून मॅडमच्या घरी पाण्याचा घोट घेतलेला नाही. मी त्यांच्याकडे बघत राहिले. "बघतेस काय?" त्या खेकसल्या. "अम्मी म्हणाल्या, कोणाला सांगू नको. मी नाही सांगितलं."

आम्ही दोघी तडक उठलो. मंदा ठाकरेच्या घरी मांजरानं भांडं पाडलं होतं. राठोड वहिनींचं उन्हाळ्यात तार सुटेपर्यंत बिघडलं होतं. चौघी चार वेळा, चार वेगवेगळ्या दुपारी, त्याच बोळातून गेलो होतो. प्रत्येकीला वाटत होतं की आपण एकटीच. प्रत्येकीला अम्मीनं सांगितलं होतं, रुक्कीले नको सांगू.

रविवारी सकाळी चार वाट्या घेऊन आम्ही गेलो. सवयीनं मागच्याच दारानं गेलो. मॅडम टेबलाशी बसून निबंधाची शेवटची पानं तपासत होत्या. कुलकर्णी काकूंना स्वयंपाकघरातून येताना पाहून त्या उभ्याच राहिल्या. मी बोलायला सुरुवात केली, आणि मध्येच थांबले, मग मंदा बोलली, मग सगळ्या एकदम. कढी, मांजर, मुंज, सगळा काला झाला.

"एकेकीनं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी चार वह्या काढल्या. "कोणत्या तारखेले?"

मी माझी तारीख सांगितली. त्यांनी पान उघडलं. "इथं तर 'नेहमीप्रमाणे' लिहिलं हाये."

"ते मी मनानं लिहिलं, मॅडम."

त्यांनी प्रत्येकीची तारीख विचारली, प्रत्येकीच्या वहीत रेघ मारली. मग वह्या एकावर एक ठेवल्या. "म्हणजे प्रशांतनं पुण्यात पाच वेळा अम्मीचंच दही तपासलं," असं म्हणून त्या हसायला लागल्या. आम्हीही घाबरत घाबरत हसलो. मग कळलं की त्या हसत नाहीयेत. अम्मी गेल्यापासूनचं सगळं तेव्हा बाहेर पडलं. काकूंनी त्यांना जवळ घेतलं, आणि मग त्यांच्याच माठातलं पाणी पेल्यात काढून आधी स्वतः एक घोट घेतला, आणि तोच पेला त्यांच्यापुढे धरला.

मी फार विनवलं. म्हटलं, मॅडम, दह्याचं तेवढं पान काढून टाका, बाकी तर सगळं गणित आहे, कोणाला कळणार आहे? त्या म्हणाल्या, "दोन रस्ते होते, सुनंदाताई. यावरूनच मी एक धरला. ते पान काढलं तर पुढचं सगळं कायच्या भरवशावर लिहिलं म्हणू?" आणि दोन ओळींचं पत्र लिहून त्यांनी निबंध परत घेतला. मी शेजारी उभी राहून पाहिलं. बटण दाबताना त्यांचा हात थांबला नाही, माझा पदर मात्र मी मुठीत आवळून धरला होता. मग त्यांनी माझी वही पुढे ओढली, त्या तारखेशी बोट ठेवलं आणि पेन दिलं. "लिहा इथं, 'इथं अडलो.' अर्धा मार्क देतो." मी लिहिलं.

वाट्या तशाच टेबलावर होत्या. मॅडमनी माझी वाटी उघडली, चमचाभर दही खाल्लं. डोळे मिटून बसल्या. तेच आहे का, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. नंतर त्यांनी चारही वाट्यांतलं चमचा चमचा काढून घरच्या भांड्यात विरजलं.

मला वाटलं होतं आता त्या खचतील. खचल्याही असतील, मला काय माहीत. पण महिन्याभरानं बसस्टँडच्या चौकात स्कूटी पुन्हा थांबायला लागली आणि ऑटोवाले बाजूनं जायला लागले. एका संध्याकाळी भिंतीवरून त्यांनी मला कागद दाखवला. लांबलचक समीकरण, आणि शेवटी अधिकचं चिन्ह देऊन जोडलेलं एक बारकंसं अक्षर. "हे पाहा. बाहेरून वस्तीत जे येत राह्यते ते हे. आधी मी हे शून्य धरलंतं. सगळेच धरतात, गणित सोपं होते." त्यांनी त्या अक्षरावर बोट ठेवलं. "अम्मीले मी शून्य धरलंतं, सुनंदाताई." मी विचारलं, मग आता उत्तर काय येतं? एकच शेवट, की अनेक? त्या म्हणाल्या, "मले नाही समजलं." पूर्वीसारखं तोंड भरून म्हणाल्या नाहीत. पण म्हणाल्या.

रिटायर झाल्यावर घर विकून त्या पांढरकवड्याला भावाकडे निघाल्या. सामान टेम्पोनं पुढे गेलं होतं. मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेले. एस.टी.त खिडकीशी जागा मिळाली. मांडीवर कापडात बांधलेला स्टीलचा डबा, त्यावर दोन्ही हात. रस्ता खराब आहे, डबा खाली ठेवा, असं मी म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. कंडक्टरनं बेल मारली तेव्हा त्या एकदम खिडकीतून बाहेर वाकल्या.

"सुनंदाताई, एक सांगा मले. अम्मीले तर सगळं माहीत होतं. मी रोज सकाळी तिलेच सांगत होती, बाहेरचं एक थेंब गेलं का माहं सगळं वाया जाईन. ती हो हो म्हणत होती. मंग तिनं चारही घरी काहून देलं?"

मी तोंड उघडलं. घरून निघाल्यापासून मला त्यांना काहीतरी चांगलं बोलायचं होतं, आणि आता तर विचारलंच होतं. बस मागे सरकली, वळली. मॅडम खिडकीतून माझ्याकडे बघतच होत्या, अडलेल्या पोराकडे बघायच्या तशा, न रागावता, वाट पाहत. बस फाटकाबाहेर गेली तरी मी तिथंच उभी होते, आणि मागून एक ऑटोवाला हॉर्न वाजवत होता.